जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा लोडर : उचलणे आणि पेलणे

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्याच्या ग्रामीण भागात एक दृश्य वारंवार दिसू लागले आहे. वीस-पंचवीस वर्षे नांगरट, कुळवणी आणि ट्रॉली ओढण्याचे काम इमानेइतबारे केलेल्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी दोन लोखंडी भुजा व एक बकेट बसविली जाते, आणि तोच ट्रॅक्टर खत भरणे, गाळ उपसणे, बांध सारखे करणे अशा कामांसाठी पुन्हा उभा राहतो. मजूर वेळेवर मिळत नाहीत, मोठ्या यंत्राचे भाडे परवडत नाही आणि नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नाही, अशा शेतकऱ्याला हा मार्ग सोयीचा वाटला तर त्यात नवल नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केल्यापासून तलावातील सुपीक गाळ शेतात नेऊन टाकण्याची ओढही वाढली आहे. तलावाच्या तळाशी गाळ मोठ्या यंत्राने निघतो. परंतु तो शेतात उतरवून पसरणे, पुन्हा भरणे व सारखा करणे ही कामे लहान लोडरकडे येतात.

या नव्या साधनाचा आम्ही विरोध करीत नाही. किंबहुना, खताच्या उकिरड्यावर कंबर मोडून पाट्या भरणाऱ्या स्त्री-पुरुषांचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, तो असा विरोध करणार नाही. परंतु हे साधन घेताना शेतकरी जो प्रश्न विचारतो तो चुकीचा आहे, आणि त्याला जे उत्तर मिळते ते धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतकरी विचारतो, “हा लोडर किती वजन उचलतो?” विक्रेता एक आकडा सांगतो. तो आकडा बहुधा खराही असतो. तथापि विचारावयास हवा होता तो प्रश्न असा : “उचललेले वजन माझा ट्रॅक्टर पेलतो का?” उचलणे आणि पेलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उचलणे हे तेलाच्या दाबाचे काम आहे; पेलणे हे आसाचे, चाकांचे आणि समतोलाचे काम आहे.

पुस्तकातील आकडा कशाचा?

सर्वप्रथम एका सर्वसाधारण गैरसमजाचा विचार करू. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात ‘उचलण्याची क्षमता’ म्हणून अकराशे, बाराशे किलोग्रॅम असा आकडा दिलेला असतो. पुष्कळ शेतकरी समजतात की, ट्रॅक्टर बाराशे किलो उचलू शकतो म्हणजे पुढच्या बकेटमध्येही बाराशे किलो घालण्यास हरकत नाही. हा आकडा मागील तीन-बिंदू जोडणीचा असतो. तो नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर अशा मागे जोडावयाच्या अवजारांसाठी आहे. मध्यप्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची जी चाचणी होते, तीतही ही क्षमता मागील जोडणीच्या ठिकाणीच मोजली जाते. ट्रॅक्टरच्या पुढील बाजूने किती वजन पेलावे, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही.

असे का, हे समजण्यासाठी ट्रॅक्टरच्या घडणीचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. आज आपण ज्या रचनेला ट्रॅक्टर म्हणतो ती मुख्यत्वे हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाच्या विचारातून आली. अवजार ट्रॅक्टरच्या मागे दोरीने ओढावयाचे नाही, तर तीन बिंदूंवर त्याच्या अंगाशी जोडावयाचे आणि तेलाच्या दाबाने उचलावयाचे, ही त्याची कल्पना. १९३९ मध्ये फोर्डबरोबर आणि १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे टी.ई.-२० या ट्रॅक्टरच्या रूपाने ती जगभर पसरली. या रचनेत मातीचा विरोध व अवजाराचा भार मागील मोठ्या चाकांवर यावा, त्यांची पकड वाढावी, असा हेतू होता. पुढची चाके वळण देण्यापुरती आणि तोंड जमिनीवर राखण्यापुरती. म्हणून ती लहान, तिचा आस हलका आणि मधोमध एका खिळीवर डुलणारा.

आपल्या देशात १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा, १९६५ मध्ये मुंबईच्या कांदिवलीत महिंद्राचा बी-२७५, आणि १९७१ मध्ये पिंजोरला एच.एम.टी.चा २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या दारात आणले. नावे वेगळी असली तरी दोन चाकांवर चालणाऱ्या या सर्व ट्रॅक्टरांची घडण एकाच विचाराची होती : बळ मागे, वळण पुढे. या पुढच्या नाजूक टोकाला आता आपण गाळाने भरलेली बकेट लटकावीत आहोत.

तेलाचा दाब काय सांगतो?

लोडरची उचलण्याची ताकद कशी ठरते ते पाहू. सिलिंडरच्या आतील गोल पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब म्हणजे सिलिंडरचा जोर. समजा, सिलिंडरचा आतील व्यास ६ सेंटीमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलोग्रॅम धरला, तर एका सिलिंडरचा जोर ४,२०० किलोग्रॅम आणि दोहोंचा मिळून ८,४०० किलोग्रॅम होतो. आकडा ऐकून छाती फुगते. परंतु भुजा ज्या खिळीवर फिरते तेथून सिलिंडरचा जोर जेमतेम ३० सेंटीमीटरवर लागतो आणि बकेटचा मध्य सुमारे २४० सेंटीमीटरवर असतो. तरफेच्या नियमानुसार बकेटपाशी त्या जोराचा आठवा हिस्साच उरतो, म्हणजे १,०५० किलोग्रॅम. त्यातून बकेटचे व भुजांचे स्वतःचे वजन वजा केले की सुमारे ८४० किलोग्रॅम माल उचलता येईल असे ठरते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येक लोडरची मापे निराळी असणार. पण हिशेबाची रीत हीच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंप दर मिनिटाला किती लिटर तेल देतो, यावर वजन अवलंबून नसते. त्यावर फक्त वेग अवलंबून असतो. वरील दोन सिलिंडर अर्धा मीटर बाहेर येण्यास सुमारे २.८ लिटर तेल लागते. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप ते काम अकरा सेकंदांत करील. जुना, झिजलेला पंप तेल आतल्या आत गळू देतो. मग तेल तापून पातळ झाले की दुपारी लोडर रेंगाळू लागतो. अशा वेळी काही कारागीर दाब मर्यादित ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून देतात. लोडर काही दिवस जोमाने उचलतो आणि मालक खूष होतो. वास्तविक हा व्हॉल्व्ह म्हणजे त्या यंत्राच्या सहनशक्तीची सीमारेषा होय. ती ओलांडली की होज फुटते, पंपाचा दांडा तुटतो, किंवा याहून वाईट म्हणजे सगळे सुरक्षित राहून पुढचा आस मोडतो. दाब मोजण्याचे घड्याळ लावल्यावाचून या स्क्रूला कोणी हात लावू नये.

त्याचप्रमाणे पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे व उचलयंत्रणेचे तेल एकच असते. सिलिंडर भरले की पेटीतील पातळी खाली जाते, आणि सिलिंडरातून परत येणारी धूळ थेट गिअरांत जाते. आणि टी.ई.-२० सारख्या अगदी जुन्या रचनेत पंप मागील पी.टी.ओ. दांड्यावरच चालत असल्याने, क्लच दाबला की पंपही थांबतो. पुढे-मागे करीत भरणी करण्याच्या कामाला ही रचना मुळातच सोयीची नाही.

आस काय सांगतो?

आता पेलण्याचा हिशेब करू. समजा, ट्रॅक्टरचे वजन १,७०० किलोग्रॅम आहे. त्यापैकी ६८० किलोग्रॅम पुढच्या आसावर व १,०२० किलोग्रॅम मागच्या आसावर पडते. दोन्ही आसांमधील अंतर १९० सेंटीमीटर आहे. लोडरची चौकट १५० किलोग्रॅमची असून तिचा भार पुढच्या आसावर पडतो; भुजा १८० किलोग्रॅमच्या व बकेट १२० किलोग्रॅमची आहे. भुजांचा मध्य पुढच्या आसाच्या पुढे ३० सेंटीमीटर, आणि बकेटचा मध्य १५० सेंटीमीटर आहे. तेलाच्या दाबाने उचलता येणारे पुरे ८४० किलोग्रॅम त्या बकेटमध्ये भरले.

आसाच्या पुढे लटकलेले वजन केवळ पुढच्या आसावर बसत नाही. ते मागचा आस वर उचलू पाहते. घागर अंगाशी धरली तर ती सहज नेता येते, पण हात लांब करून धरली तर टाचा उचलू लागतात, तसाच हा प्रकार. हिशेब केला असता मागच्या आसावरील १,०२० किलोग्रॅमपैकी मालामुळे ६६३ आणि रिकाम्या लोडरमुळे १२३ किलोग्रॅम कमी होतात. मागे उरतात अवघे २३४ किलोग्रॅम. पुढच्या आसावर मात्र सुमारे २,७५६ किलोग्रॅम पडतात. म्हणजे ज्या आसावर मूळचे ६८० किलोग्रॅम होते, त्यावर चौपटीहून अधिक भार आला. आणि हा भार ट्रॅक्टर सपाट जागी स्तब्ध उभा असतानाचा. भरल्या बकेटने एखाद्या सरीवरून किंवा दगडावरून धक्का घेतला, तर क्षणभरासाठी तो याहून पुष्कळ वाढतो.

याचे परिणाम एकामागून एक दिसू लागतात. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा पॉवर स्टिअरिंग नसते. चालक उभे राहून, ट्रॅक्टर थांबलेला असतानाच चाक फिरवितो आणि किंगपिन व त्याची बुशे झिजतात. पुढचे बेअरिंग फुटते. स्टब एक्सल वाकतो. ६.००-१६ मापाच्या पुढच्या टायरला तयार करणाऱ्याने जो भार ठरवून दिला आहे, त्याच्या मर्यादेबाहेर हा बोजा जातो. या ट्रॅक्टरांना स्वतंत्र सांगाडा नसतो. इंजिनाचे ओतीव अंग हाच त्यांचा कणा असतो. लोडरची चौकट इंजिनापाशी चार बोल्टांनी अडकवून दिली असेल तर तेथे तडा जातो. चौकट मागच्या आसापर्यंत नेऊन तेथे बांधणे आवश्यक असते, पण लोखंड वाचविण्यासाठी पुष्कळदा ते टाळले जाते.

हे नुकसान पैशाचे झाले. दुसरे नुकसान याहून मोठे आहे. या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ज्या चाकांवर दोन-अडीचशे किलोग्रॅम वजन उरले, ती चाके उतारावर काय धरणार? ब्रेक दाबला तरी ती घसरतात.

आणि कलंडण्याचा धोका तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलत असल्याने ट्रॅक्टर वास्तविक चार चाकांवर उभा नसतो. मागची दोन चाके आणि पुढची ती एक खीळ, अशा त्रिकोणावर तो उभा असतो. भार मागे असेल तेव्हा तो त्रिकोणाच्या रुंद बाजूस असतो. बकेट भरली की भार त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. बकेट वर उचलली की तो उंचही होतो. मग बांधाच्या कडेचा थोडासा उतार, एक चाक नांगरटीत उतरणे, एवढेही पुरेसे होते. जुन्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी लोखंडी कमान बहुधा नसतेच, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही.

गाडीवानाचे शहाणपण

हे सारे आपल्या शेतकऱ्याला नवीन आहे असे नाही. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर भार येतो, हे लहान मुलासही ठाऊक असे. जुना गाडीवान पोती मागेपुढे सरकवून, जू हाताने उचलून पाहून, मगच बैल जुंपीत असे. बैल मुका असला तरी त्याच्या मानेवर भार पडला हे त्याच्या चालीवरून कळे. लोखंड मुके असतेच, शिवाय मोडेपर्यंत ते चालही बदलत नाही. म्हणून जो अंदाज पूर्वी डोळ्यांनी व हातांनी घेतला जाई, तो आता आकड्यांनी घेतला पाहिजे.

त्यासाठी साधन दूर नाही. साखर कारखाना, बाजार समिती किंवा जवळच्या रस्त्यावरचा वजनकाटा हे उत्तम साधन आहे. लोडर बसविलेला ट्रॅक्टर प्रथम रिकामा न्यावा. फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन घ्यावे. मग फक्त मागची. नंतर बकेटमध्ये नेहमीचा माल भरून, ती जमिनीलगत ठेवून, पुन्हा तसेच करावे. दोन कसोट्या लावाव्यात. भरलेल्या स्थितीत एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा मागच्या आसावर राहिला पाहिजे. आणि पुढच्या आसावरील वजन दोन्ही पुढच्या टायरांच्या ठरलेल्या भारक्षमतेशी ताडून पाहिले पाहिजे. वरील उदाहरणात एकूण २,९९० किलोग्रॅमपैकी मागे २३४ उरले; म्हणजे पाचवा नव्हे, जेमतेम तेरावा हिस्सा. तो लोडर पहिल्याच कसोटीत नापास झाला.

मागे वजन बांधले की झाले, असे काही जण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. मागच्या जोडणीवर, मागच्या आसापासून एक मीटर मागे ४०० किलोग्रॅमचा दगडमातीचा किंवा काँक्रीटचा ठोकळा टांगला, तर मागचा भार ८४४ किलोग्रॅम होतो आणि पाचव्या हिश्शाची अट पुरी होते. पण पुढच्या आसावरचे ओझे २,७५६ वरून २,५४६ पर्यंतच उतरते. म्हणजे मागचे वजन ट्रॅक्टरला उलटण्यापासून पुष्कळसे वाचविते, पुढच्या आसाला मात्र वाचवीत नाही. मागच्या टायरात पाणी भरल्याने चाकांची पकड वाढते, परंतु ते वजन आसावरच असल्याने पुढचा भार मुळीच हलका होत नाही. तेव्हा वजन आसाच्या मागे टांगणे अधिक हितावह; आणि माल कमी भरणे हे सर्वांत हितावह.

त्याच उदाहरणात ८४० ऐवजी ३०० किलोग्रॅम माल भरला आणि मागचा ४०० किलोग्रॅमचा ठोकळा तसाच ठेवला, तर पुढे १,५८० आणि मागे १,२७० किलोग्रॅम पडतात. मूळच्या भाराच्या सव्वादोन पटीहून हेही अधिकच आहे; तरी सावकाश, सपाट जागी व अल्प अंतरासाठी केलेल्या कामात ते पेलण्याजोगे ठरू शकते. मात्र टायरांच्या कसोटीस तेही उतरले नाही, तर माल आणखी कमी करावा. पंप सांगतो ८४०, आस सांगतो ३००. आमच्या मते जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत नेहमी आसाचेच ऐकावे.

बकेट लहान असावी

चालकाला दर वेळी वजन करीत बसता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून मर्यादा त्याच्या स्मरणशक्तीवर सोपवू नये. ती बकेटच्या आकारातच घालून ठेवावी. कुजलेल्या शेणखताचे वजन घनमीटरला साधारण ६०० ते ७०० किलोग्रॅम धरले, तर ओल्या चिकण गाळाचे सुमारे १,७०० किलोग्रॅम धरावे लागते. २५० लिटर मापाची बकेट खताने भरली तर दीडशे-पावणेदोनशे किलोग्रॅम होतात. तीच गाळाने भरली तर सव्वाचारशे, आणि शिगोशीग भरली तर पाचशेच्याही वर. खतासाठी योग्य असलेली बकेट गाळासाठी अयोग्य ठरते ती अशी. गाळासाठी जुन्या ट्रॅक्टरला पावणेदोनशे लिटरहून मोठी बकेट लावू नये. निराळी बकेट घेणे शक्य नसेल तर आहे त्याच बकेटच्या आतल्या बाजूस रंगाची रेघ ओढून गाळाची पातळी ठरवून द्यावी.

लहान बकेटने काम रेंगाळते, असा आक्षेप ऐकू येतो. त्याचाही हिशेब करू. तीन टनांची ट्रॉली ६०० किलोग्रॅमच्या पाच बकेटांत भरते, ३०० किलोग्रॅमच्या दहा बकेटांत. एका बकेटला दीड मिनिट धरले तर फरक साडेसात मिनिटांचा पडतो. भरलेली ट्रॉली शेतात नेऊन रिती करून परत आणण्यास याहून कितीतरी अधिक वेळ जातो. पुढचा आस मोडला तर ट्रॅक्टर हंगामात किती दिवस उभा राहील, सुटा भाग कोठून आणावा लागेल आणि बँकेचा हप्ता कोण भरील, याचाही विचार त्या साडेसात मिनिटांच्या बरोबरीने व्हावा.

कामाची निवडही महत्त्वाची आहे. मोकळे खत, चारा, कपाशीच्या पऱ्हाट्या, सुटी माती ही कामे जुन्या ट्रॅक्टरच्या लोडरला शोभतात. घट्ट जमीन खोदणे, झाडाचे खोड उखडणे, बांधातले दगड धक्के देऊन उचकटणे ही त्याची कामे नव्हेत. त्यासाठी गावाने मिळून मोठे यंत्र तासावर आणणे स्वस्त पडते. पोती किंवा चाऱ्याचे गठ्ठे भुजा उंच करून नेल्यास ते मागे गडगडत थेट चालकाच्या अंगावर येऊ शकतात, म्हणून अशा मालासाठी बकेटचा वापर जपून करावा. माल भरल्यावर बकेट गुडघ्याच्या खाली ठेवूनच चालावे आणि फक्त ट्रॉलीपाशी आल्यावरच उचलावी. विजेच्या तारांखाली भुजा उचलू नये. उचललेल्या बकेटखाली कोणीही, कसल्याही कारणाने, दुरुस्तीसाठीसुद्धा, जाऊ नये. भुजांखाली पक्का आधार दिल्यावाचून होजचा नट सैल करू नये. आणि बकेटमध्ये माणूस बसवून फांद्या तोडणे, दिवे लावणे, मिरवणुकीत फुले उधळणे हा प्रकार आता जागोजागी दिसतो, तो गावाने एकमताने बंद केला पाहिजे. आतल्या आत गळणारा पंप आणि वीस वर्षांची होज यांच्या भरवशावर कोणाचेही मूल उंच धरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती

आतापर्यंतचे विवेचन शेतकऱ्याला उद्देशून झाले. परंतु सारा भार त्याच्याच खांद्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. तो लोडर घेतो तेव्हा त्याच्यापुढे फक्त विक्रेत्याचा किंवा गावच्या कारखानदाराचा शब्द असतो. उचलण्याचा आकडा सांगणारे पुष्कळ भेटतात. पेलण्याचा सांगणारा कोणी भेटत नाही. ही उणीव गावपातळीवर काम करणाऱ्या कृषिकार्यकर्त्यांनी भरून काढावी, असे आम्हांस वाटते.

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावांतील लोडर बसविलेल्या ट्रॅक्टरांची यादी करावी. कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या व्यवस्थापनाला विनंती करून, गाळपाचा हंगाम नसताना एक दिवस वजनकाटा मागून घ्यावा आणि त्या दिवशी वर सांगितलेली चाचणी सर्वांसमक्ष करावी. एका ट्रॅक्टरची मागची चाके काट्यावर किती हलकी होतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे दहा भाषणांचे काम होते. चाचणीनंतर प्रत्येक ट्रॅक्टरच्या भुजेवर पांढऱ्या रंगाने मराठीत दोन आकडे लिहावेत : बकेटमध्ये जास्तीत जास्त किती किलोग्रॅम आणि मागे कमीत कमी किती किलोग्रॅमचा ठोकळा. चालक बदलतो, मालक बदलतो, ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यात विकला जातो. भुजेवरचे आकडे मात्र त्याच्याबरोबर जातात.

लोडर तयार करणाऱ्या गावोगावच्या कारागिरांनाही यात सामील करून घ्यावे. त्यांच्या कसबाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु ट्रॅक्टरचे वजन, आसांमधील अंतर व टायरचे माप विचारल्यावाचून एकाच मापाचा लोडर सर्वांना बसविणे ही रीत सोडली पाहिजे. चौकट मागच्या आसापर्यंत नेणे आणि मागच्या ठोकळ्यासह लोडर विकणे, या दोन गोष्टी त्यांनी पाळल्या तरी निम्मे अपघात टळू शकतील, अशी आमची धारणा आहे. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. लोडर बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा देणाऱ्याकडे चौकशी करून ठेवणे शहाणपणाचे आहे. अपघात झाल्यावर हा प्रश्न उपस्थित झाला तर शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते.

ज्याची ऐपत असेल त्याने जड पुढच्या आसाचा, चारही चाकांवर चालणारा ट्रॅक्टर आणि त्यासाठीच बनविलेला लोडर घ्यावा, हे उत्तमच. पण आपल्या राज्यातील बहुसंख्य शेतकरी लहान धारणेचे आहेत आणि जुना ट्रॅक्टर हीच त्यांची पुंजी आहे. तिच्याकडून काम घेऊ नका, असे सांगणे पोकळ ठरेल. तिच्याकडून तिच्या बेताने काम घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. येत्या उन्हाळ्यात गाळाचे काम सुरू होण्यापूर्वी लोडरवाल्या शेतकऱ्यांनी आपला ट्रॅक्टर एकदा काट्यावर न्यावा, मागचा ठोकळा तयार करून घ्यावा आणि बकेटच्या आत रेघ ओढावी. या तिन्ही कामांना मिळून एक दिवस व थोडा खर्च लागतो. तेवढा दिवस प्रत्येकाने काढावा.